नागपुरात वीजबिल कमी करण्याचा मार्ग: पुरवठादार बदलता येत नसताना काय बदलता येते

एप्रिल-मेचे वीजबिल हातात पडले की नागपुरातील बहुतेक घरांत एक प्रश्न निघतो: मोबाइलची कंपनी बदलता येते, गॅसची एजन्सी बदलता येते, मग विजेची कंपनी का बदलता येत नाही? मुंबईच्या उपनगरांत राहणारा नातेवाईक सांगतो की त्याने कंपनी बदलली आणि बिल उतरले, त्यामुळे प्रश्न अधिकच टोचतो. या लेखात आधी त्याचे सरळ उत्तर दिले आहे. त्यानंतर नागपूरच्या घरगुती ग्राहकाने काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, ते हिशेबासह मांडले आहे. हिशेबासाठी २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे घरगुती दर धरले आहेत. वीज नियामक आयोगाच्या आदेशांनी दर बदलत असतात, म्हणून प्रत्येकाने आपल्या ताज्या बिलावरील दर घेऊन हीच आकडेमोड पुन्हा करावी. पद्धत तीच राहते.

कंपनी बदलण्याचा प्रश्न

२००३ च्या विद्युत कायद्याने एकाच भागात दोन वितरण परवानाधारकांना मुभा दिलेली आहे. मुंबईच्या उपनगरांत टाटा पॉवर आणि पूर्वीची रिलायन्स, म्हणजे २०१८ पासूनची अदानी इलेक्ट्रिसिटी, असे दोन परवानाधारक आहेत. टाटा पॉवरला किरकोळ ग्राहकांना थेट वीज देता येते असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला आणि त्यानंतर तेथे तारा एका कंपनीच्या व वीज दुसऱ्या कंपनीची अशी व्यवस्था सुरू झाली. तरीही कंपनी बदलणाऱ्याच्या बिलात जुन्या कंपनीच्या तारांचा वहन आकार आणि क्रॉस सबसिडीचा, म्हणजे काही ग्राहकांना स्वस्त वीज देता यावी म्हणून इतरांकडून घेतला जाणारा, अधिभार येत राहिला. त्यामुळे बदलातून सर्वांचा सारखा फायदा झाला नाही. कोणाचा किती झाला, हे त्याचा वापर कोणत्या टप्प्यात मोडतो यावर ठरले.

नागपुरात घरगुती ग्राहकासाठी महावितरण हीच वितरण कंपनी आहे. २०११ ते २०१९ या काळात महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या विभागांत एसएनडीएल ही फ्रँचायझी कंपनी बिले देत होती. तेव्हा 'कंपनी बदलली' असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात फ्रँचायझी ही महावितरणच्या वतीने काम करणारी संस्था असते आणि तिचे दर आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलेच असतात. ग्राहकाला तेव्हाही निवड नव्हती. खुल्या बाजारातून वीज घेण्याची 'ओपन अ‍ॅक्सेस' ही तरतूद मोठ्या ग्राहकांसाठी आहे. २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी तिची मर्यादा १०० किलोवॉटपर्यंत खाली आणली, पण साध्या घराचा मंजूर भार पाच किलोवॉटच्या आसपास असतो. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्याला जो दरवाजा उघडा आहे, तो त्रिमूर्तीनगरच्या घराला नाही. म्हणून 'आम्ही तुमचा पुरवठादार स्वस्तात बदलून देतो' असे कोणी फोनवर सांगू लागला, तर ग्राहक क्रमांक किंवा ओटीपी न देता फोन ठेवून द्यावा.

मात्र एक गोष्ट ग्राहकाच्या हातात राहते. बिलातील सर्वात महाग युनिटे महावितरणकडून घ्यायची की नाही, ते त्याला ठरवता येते. पुढील सर्व पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात.

पहिली पायरी: बिलातील महाग युनिटे ओळखा

घरगुती दराचे चार टप्पे आहेत: १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. २०२४-२५ मध्ये वीज आकार अनुक्रमे ४.७१, १०.२९, १४.५५ आणि १६.६४ रुपये होता व प्रत्येक युनिटाला १.१७ रुपये वहन आकार होता. म्हणजे ग्राहकाला पहिले १०० युनिट ५.८८ रुपयांनी, पुढचे २०० युनिट ११.४६ रुपयांनी आणि त्यापुढचे १५.७२ रुपयांनी पडत होते. एक फेजच्या जोडणीला मूळ स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये होता. या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क लागते. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, म्हणून तो येथे सोडून दिला आहे.

येथे एक जुना गैरसमज आधी दूर करायला हवा. '३०० च्या वर एक युनिट गेला की सगळेच युनिट वरच्या दराने लागतात' असे पानठेल्यापासून सोसायटीच्या बैठकीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. ते खरे नाही. ३०१ वा युनिट महाग लागतो, पण आधीचे ३०० युनिट आपापल्याच दराने लागतात. त्यामुळे २९८ युनिटांवर मीटर अडवून ठेवण्यासाठी महिन्याच्या शेवटी घामाघूम होण्याची गरज नाही. तसेच, एखाद्या महिन्यात बिल अचानक दुप्पट झाले तर त्याचे कारण केवळ 'स्लॅब बदलला' हे असू शकत नाही. वापर, रीडिंग किंवा थकबाकी यांपैकी काहीतरी तपासायला हवे.

आता मे महिन्यात ४२० युनिट वापरणारे घर घेऊ. पहिल्या १०० युनिटांचे ५८८ रुपये, पुढच्या २०० चे २,२९२ आणि शेवटच्या १२० चे १,८८६ रुपये होतात. स्थिर आकार आणि शुल्क धरून बिल सुमारे ५,६७७ रुपयांवर जाते. शुल्कासह पाहिले तर पहिल्या १०० युनिटांना ६८२ रुपये पडले आणि शेवटच्या १२० युनिटांना सुमारे २,१९० रुपये. घरातील दिवे, फ्रिज आणि टीव्ही बहुधा त्या पहिल्या स्वस्त युनिटांत बसतात, तर उन्हाळ्यात वाढलेला थंडाव्याचा वापर शेवटच्या महाग युनिटांत. बचतीचा हिशेब सरासरी दराने केला की तो चुकतो. वाचणारा युनिट नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यातला असतो, म्हणून हिशेब त्याच दराने करावा.

बिलावर मागील बारा महिन्यांचा वापर दिलेला असतो. तो एका कागदावर उतरवून काढावा, कारण सौर यंत्रणेचा आकार ठरवताना त्याच आकड्यांची गरज पडणार आहे.

दुसरी पायरी: बिलातील चुका आणि चुकीचे वर्गीकरण

चालू रीडिंगच्या रकान्यात आकड्याऐवजी मीटर बंद, घर बंद किंवा रीडिंग मिळाले नाही अशा अर्थाचा शेरा असेल, तर ते बिल सरासरीने काढलेले असते. सरासरीचे बिल महिनोन्महिने येत राहिले आणि मग एकदम खरे रीडिंग घेतले गेले, तर जमा झालेले युनिट त्या-त्या महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ द्यावा लागतो. बिलात तसा लाभ दिसत नसेल, तर तो लेखी मागावा. मीटरवरील केडब्ल्यूएचचा, म्हणजे युनिटांचा, आकडा दर महिन्याला त्याच तारखेला मोबाइलने टिपून ठेवण्याची सवय अशा वेळी कामी येते. तारखेसह असलेल्या फोटोसमोर वाद फार काळ टिकत नाही.

मीटर जलद फिरतो अशी शंका असेल, तर आधी घरातले मुख्य स्विच बंद करून मीटरवरचा दिवा लुकलुकतो का ते पाहावे. तरीही लुकलुकत असेल, तर वायरिंगमध्ये गळती असू शकते किंवा आपल्या मीटरवरून दुसऱ्या कोणाची तार गेलेली असू शकते. महाल-इतवारीच्या जुन्या वाड्यांत, जेथे एकेका भिंतीवर सात-आठ मीटर लागलेले असतात, तेथे ही दुसरी शक्यता मुळीच विरळ नाही. वायरमनकडून हे तपासून झाल्यावरच मीटर चाचणीचे शुल्क भरून अर्ज करावा.

वर्गीकरणही एकदा पाहून घ्यावे. घराच्या एका भागात शिलाईचे काम, शिकवणी किंवा छोटे दुकान चालत असेल, तरी महिन्याचा वापर ३०० युनिटांपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षाचा वापर ३,६०० युनिटांपर्यंत असेल, तर आयोगाच्या आदेशानुसार घरगुती दरच लागतो. अनेक घरे हे ठाऊक नसल्यामुळे व्यावसायिक दराने बिल भरत बसतात. याच्या उलट, या मर्यादेच्या वर गेलेल्या वापरासाठी घरगुती दर चालू ठेवणे पुढे महागात पडते.

घर बांधताना ठेकेदाराच्या सांगण्यावरून तीन फेजची जोडणी घेतलेली असेल आणि भार एक फेजमध्ये बसत असेल, तर बदलाचा विचार करावा. २०२४-२५ मध्ये तीन फेजचा स्थिर आकार ४२४ रुपये होता. म्हणजे एक युनिटही न वापरता दरमहा जवळजवळ ३०० रुपयांचा फरक पडत होता. घरी तीन फेजची मोटर असेल किंवा पुढे मोठी सौर यंत्रणा बसवायची असेल, तर मात्र हा बदल करू नये.

भाडेकरूंचा प्रश्न नागपुरात विशेष महत्त्वाचा आहे, कारण मनीषनगर, बेसा, हुडकेश्वर या भागांत खाली मालक आणि वर भाडेकरू ही पद्धत रूढ आहे. भाडेकरूची वीज मालकाच्याच मीटरवर असेल, तर दोघांचे युनिट एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातात. समजा, दोन्ही घरे प्रत्येकी २०० युनिट वापरतात. वेगवेगळ्या मीटरवर प्रत्येकाचे २०० युनिट पहिल्या दोन टप्प्यांतच संपतात. एकाच मीटरवर मात्र ४०० पैकी १०० युनिट तिसऱ्या टप्प्यात जातात आणि १०० युनिटांचा एक स्वस्त टप्पा वाया जातो. वर राहणारे कुटुंब खरोखर वेगळे असेल, स्वयंपाकघर आणि येण्याजाण्याचा मार्ग स्वतंत्र असेल, तर दुसऱ्या जोडणीसाठी अर्ज करणे योग्य आहे. एकाच कुटुंबाचे घर केवळ टप्प्यांच्या लाभासाठी कागदावर दोन दाखवण्याच्या फंदात पडू नये. तपासणीत दोन्ही जोडण्या एकत्र धरल्या जातात आणि मागील फरक वसूल होतो.

तिसरी पायरी: थंडावा आणि पंखे

नागपूरच्या घरात विजेचा मोठा भाग थंडाव्यावर जातो, म्हणून एलईडी दिव्यांची चर्चा येथे लांबवत नाही. ते बहुतेकांनी लावलेलेच आहेत.

कूलर हे या शहराच्या हवेला जुळणारे यंत्र आहे. मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा हवा इतकी कोरडी असते की पाण्याच्या बाष्पीभवनाने खोली झपाट्याने गार होते. दोनशे वॉटचा कूलर आठ तास चालला तर दीड-पावणेदोन युनिट लागतात. दीड टनाचा एसी त्याच आठ तासांत, कॉम्प्रेसर अधूनमधून बंद होतो हे धरूनही, साधारण आठ युनिट घेतो. महिन्याला हा फरक जवळपास १९० युनिटांचा, आणि तोही बिलाच्या सर्वांत महाग टोकाचा. त्यामुळे नवतपा संपेपर्यंत कूलर आणि मृग बरसल्यानंतर दमट उकाड्यात गरजेपुरता एसी, ही जुनी वाटणी हिशेबानेही बरोबर ठरते. पावसाळ्यात कूलरचे पाणी बंद ठेवून त्याचा पंखा तेवढा चालवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की साधा छताचा पंखा त्याहून कमी वीज घेतो.

कूलरच्या ताट्या दरवर्षी बदलाव्यात. क्षारांनी घट्ट झालेल्या वूडवूलमधून हवा खेचताना मोटर तेवढीच वीज खाते आणि गारवा मात्र निम्मा देतो. खसच्या ताट्या महाग पडतात, पण नीट वाळवून ठेवल्या तर पुढच्या हंगामालाही उपयोगी येतात. कूलर खिडकीबाहेर सावलीत असावा आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला वाट असावी. दारे बंद करून कूलर लावणाऱ्यांचे घर गार होत नाही, ओले होते.

एसी घ्यायचाच असेल तर पाच तारांकित इन्व्हर्टर घ्यावा आणि तापमान २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा चालवावा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमाने १ जानेवारी २०२० पासून खोलीचे एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात. एक अंश वर नेल्याने सुमारे सहा टक्के वीज वाचते असा ब्युरोचाच अंदाज आहे.

पंख्यांकडे मात्र आपण फारसे पाहत नाही. जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास असतो, तर बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढ्याच वाऱ्याला ३० वॉटच्या आसपास घेतो. तीन पंखे रोज चौदा तास चालतात असे धरले तर महिन्याला ९४ युनिटांऐवजी ३८ युनिट लागतात. वाचलेले ५६-५७ युनिट मधल्या टप्प्यात धरले तरी शुल्कासह साडेसातशे रुपयांवर बचत होते. असा पंखा सुमारे तीन हजारांना मिळतो आणि नागपुरात पंखे मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत चालतात. त्यामुळे खर्च दुसऱ्या उन्हाळ्यात वसूल होतो. सगळे पंखे एकदम बदलू नयेत. दिवसभर चालणारा हॉलचा आणि रात्रभर चालणारा झोपायच्या खोलीचा पंखा आधी बदलावा.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी उन्हाळा सुरू होण्याआधी गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग लावावा. स्लॅब दिवसभर तापला की रात्री दोन वाजेपर्यंत तो खोलीत उष्णता सोडत राहतो, आणि त्या वेळेत एसी किंवा कूलर बंद करणे कोणाला जमत नाही.

चौथी पायरी: छत हाच दुसरा पुरवठादार

नागपुरात राहून खऱ्या अर्थाने 'दुसरीकडून' वीज घेण्याचा मार्ग एकच आहे, आणि तो आपल्या गच्चीवरून जातो. केंद्र सरकारच्या पीएम सूर्य घर मुफ्त बिजली योजनेत, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी १८,००० रुपये अनुदान मिळते. म्हणजे तीन किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात आणि त्यापुढे यंत्रणा कितीही मोठी असली तरी अनुदान वाढत नाही. महिन्याला १०० युनिटांपर्यंत वापर असलेल्या ग्राहकांसाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची पूरक योजनाही आणली आहे. अशा घरांनी आधी तिची चौकशी करावी.

एक किलोवॉटपासून महिन्याला सरासरी १२० युनिट मिळतात असे धरतात. नेट मीटरमुळे दिवसा ग्रिडला दिलेले युनिट रात्री घेतलेल्या युनिटांतून वजा होतात आणि उरलेल्या युनिटांना टप्प्यांचे दर लागतात. वर घेतलेले ४२० युनिटांचे घर आठवावे. पहिला किलोवॉट नेमके वरचे १२० युनिट काढून टाकतो आणि महिन्याला सुमारे २,१९० रुपये वाचवतो. दुसरा किलोवॉट मधल्या टप्प्यातील १२० युनिट काढतो आणि सुमारे १,५९५ रुपये वाचवतो. तिसऱ्याच्या वाट्याला काही मधले आणि काही स्वस्त युनिट येतात, त्याची बचत सुमारे १,३३५ रुपये. चौथ्याच्या वाट्याला ६० स्वस्त युनिट उरतात. बचत ४०० रुपयांच्या आसपास, आणि अनुदान शून्य. विक्रेता 'घ्या ना पाच किलोवॉट, बिल शून्य होईल' असे म्हणतो तेव्हा हा उतरता क्रम त्याच्यापुढे ठेवावा. शिवाय बिल शून्य होतच नाही. स्थिर आकार आणि त्यावरील शुल्क राहतेच.

मेचा आकडा धरून यंत्रणेचा आकार ठरवू नये, याला नागपुरात आणखी एक कारण आहे. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण ही जमा आर्थिक वर्षापुरती असते. ३१ मार्चला उरलेले युनिट महावितरण आपल्या नेहमीच्या दरापेक्षा बऱ्याच कमी दराने विकत घेते आणि खाते पुन्हा शून्यावर येते. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पंखेसुद्धा बंद असतात, त्यामुळे याच काळात युनिट साचतात. आणि कूलर जोरात सुरू व्हायच्या नेमके आधी ते हातचे जातात. म्हणून वर्षाच्या एकूण वापराला बाराने भागून सरासरी काढावी आणि त्या सरासरीच्या किंचित खाली राहील अशी यंत्रणा घ्यावी. सरासरी ३५० असेल तर तीन किलोवॉटच्या पलीकडे जाण्याचे कारण नाही. सरासरी १५० असेल तर एक किलोवॉट पुरतो.

अर्जाचा क्रम असा असतो. राष्ट्रीय पोर्टलवर राज्य, वितरण कंपनी आणि ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करावी लागते. दहा किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेला २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर समजले जाते. त्यानंतर पोर्टलवर नोंदलेल्या विक्रेत्यांपैकी किमान तिघांकडून लेखी दरपत्रक घ्यावे, एकाशी करार करावा, यंत्रणा बसल्यावर नेट मीटरसाठी अर्ज करावा आणि महावितरणच्या तपासणीनंतर चालू झाल्याचा दाखला पोर्टलवर आला की बँक खात्याचा तपशील भरावा. अनुदान थेट खात्यात येते. 'अनुदान आम्ही परस्पर वळते करून घेऊ' असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावरून. जुन्या वस्त्यांत मीटर आजही आजोबांच्या नावावर असतो, घर तीन भावांच्या आणि बँक खाते चौथ्याच्याच. सौर अर्जाला हात लावण्याआधी मालमत्ता कराची पावती व वारसाची कागदपत्रे देऊन वीजजोडणीचे नाव बदलून घ्यावे. थकबाकी असेल तर तीही आधी भरावी.

दरपत्रकांची तुलना करताना केवळ एकूण रक्कम पाहू नये. अनुदानासाठी पॅनेलमधील सौर सेलसुद्धा भारतात बनलेले असावे लागतात, त्यांना बाजारात डीसीआर पॅनेल म्हणतात. पॅनेलचे वॉट, इन्व्हर्टरचे नाव आणि त्याच्या हमीची वर्षे, सांगाड्याच्या लोखंडावर जस्ताचा मुलामा आहे की नुसता रंग, तडितरोधक आणि अर्थिंग किती, पाच वर्षांच्या देखभालीत नेमके काय येते, हे सगळे दरपत्रकात लिहून घ्यावे. तीन किलोवॉटला सुमारे ३०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. पाण्याची टाकी, शेजारची नवी इमारत किंवा समोरचा कडुलिंब यांची सावली सकाळी नऊ ते दुपारी चारच्या दरम्यान कोठे पडते ते डिसेंबरात पाहावे, कारण तेव्हा सावली सर्वांत लांब असते. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि उतार साधारण शहराच्या अक्षांशाइतका, म्हणजे २१ अंशांच्या आसपास असावा.

सांगाडा उंच घ्यावा की बुटका, यावर घराघरांत मतभेद होतात. उंच सांगाड्याखाली गच्ची वापरात राहते, कुरडया-सांडगे वाळवायला जागा उरते आणि वरच्या मजल्याला सावलीही मिळते. पण मेमधल्या वादळी वाऱ्याचा जोरही त्यालाच जास्त लागतो. उंच सांगाडा घ्यायचा असेल तर पायाचे काँक्रीट आणि नटबोल्ट यांवर पैसे वाचवू नयेत. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीचा विचार करून विमाही विचारून घ्यावा.

दोन अपेक्षा आधीच कमी करून ठेवाव्यात. पहिली, मे महिन्यात ऊन सर्वांत कडक असले तरी वीज त्या प्रमाणात वाढत नाही, कारण पॅनेल तापले की त्यांची क्षमता उतरते. दुसरी, बॅटरी नसलेली यंत्रणा लाइन गेली की बंद होते. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या सुरक्षिततेसाठी ती तशीच बनवलेली असते. धूळ मात्र आपल्या हातात आहे. पावसाळा सोडून दर पंधरा दिवसांनी, आणि कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला वीज केंद्रांच्या राखेमुळे त्याहूनही लवकर, सकाळी पॅनेल थंड असताना साध्या पाण्याने धुवावेत. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना स्वतःचे छत नसते, पण लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांच्या सामाईक मीटरसाठी गृहनिर्माण संस्थेला प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान मिळते. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, आणि अनुभव असा की पॅनेल बसवायला जितके दिवस लागतात त्याहून जास्त दिवस त्या ठरावाला लागतात.

काम ऑक्टोबरमध्ये सुरू करावे. नेट मीटरपर्यंतचे सगळे टप्पे पार पडायला वेळ लागतो, आणि मार्चमध्ये धावपळ करणाऱ्यांच्या रांगेत उभे राहण्यात अर्थ नाही.

पाचवी पायरी: वेळ आणि भरणा

नव्या टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावता येणाऱ्या, मीटरवर वापर तासागणिक नोंदला जातो. जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट ८० पैशांपासून सवलत सुरू झाली आहे. पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन आणि इस्त्री ही कामे या वेळेत सहज बसतात. कूलर रात्रीच लागतो, त्यामुळे या सवलतीकडून फार अपेक्षा ठेवू नये. घरी दिवसा माणसे असतील तर तिचा उपयोग होतो, नसतील तर नाममात्र.

बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरल्यास तत्पर भरण्याची एक टक्का सूट मिळते, ऑनलाइन भरल्यास पाव टक्का आणि कागदी बिल नाकारल्यास 'गो ग्रीन'ची दहा रुपये. उशीर झाला तर सव्वा टक्का आकार लागतो. ही रक्कम लहान आहे, पण तिच्यासाठी एकदाच नोंदणी करावी लागते. सुरक्षा ठेवही पाहावी. ती सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट असते आणि तिच्यावर व्याज मिळते. वापर कायमचा कमी झाला असेल, तर ठेवीची फेरगणना करून जास्तीची रक्कम बिलात वळती करण्याचा अर्ज देता येतो.

तक्रार अडली तर

तोंडी तक्रारीला अर्थ नाही. १९१२ वर किंवा महावितरणच्या अ‍ॅपवर नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा आणि बिलाची प्रत, मीटरचे फोटो व अर्ज उपविभागीय कार्यालयात देऊन पोच घ्यावी. वादग्रस्त बिल पूर्णपणे न भरता ठेवल्यास पुरवठा तोडला जाण्याची जोखीम असते, म्हणून हरकत नोंदवून रक्कम भरणे हा सुरक्षित मार्ग आहे. तेथे निकाल लागला नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे. मंचासमोर वकिलाची गरज नसते, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते आणि मंचाने साठ दिवसांत निर्णय देणे अपेक्षित असते. मंचाचा निर्णय मान्य नसेल, तर त्यापुढील साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते, आणि त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. लोकपालांचे एक कार्यालय नागपुरातच आहे.